क्लायटेम्नेस्ट्राला उत्तर कोणी दिले?

इ.स.पू. ४३१ च्या वसंत ऋतूत, अथेन्समधल्या डायोनिससच्या उत्सवात, नाटककार युरिपिडीसची ‘मेडिया’ ही शोकांतिका सादर झाली. नवऱ्याने टाकलेली एक परदेशी बाई भरगच्च प्रेक्षागृहापुढे उभी राहून सांगते की आम्ही बायका भरमसाट हुंडा मोजून नवरा विकत घेतो आणि वर त्यालाच आपल्या देहाचा मालक करून ठेवतो; एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभे राहणे मला परवडेल. त्याच वर्षी अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाला तोंड फुटले आणि हिवाळ्यात, पहिल्या धारातीर्थी पडलेल्यांना निरोप देताना, अथेन्सचा नेता पेरिक्लिस याने आपले सुप्रसिद्ध भाषण केले. इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवलेल्या त्या लांबलचक भाषणात विधवांच्या वाट्याला जेमतेम एक-दोन वाक्ये आली आहेत. पुरुषांच्या तोंडी जिच्याविषयी बरे किंवा वाईट, काहीच फारसे निघत नाही, तिची कीर्ती सर्वांत मोठी, असा त्यांचा आशय आहे. एकाच शहराने एकाच वर्षात ही दोन्ही भाषणे ऐकली.

या विसंगतीचा उलगडा करण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. पहिला असा की ज्या समाजाने क्लायटेम्नेस्ट्रा, अँटिगनी आणि मेडिया यांच्यासारख्या बाणेदार स्त्रिया रंगमंचावर उभ्या केल्या, त्या समाजात बाईला काहीतरी मान असलाच पाहिजे. इतिहास याला दुजोरा देत नाही. अथेनियन स्त्री जन्मभर कोणा ना कोणा पुरुषाच्या पालकत्वाखाली असे. एक मेडिम्नोस (धान्याचे ग्रीक माप) सातूच्या किमतीपलीकडचा व्यवहार तिला कायद्याने स्वतःच्या नावावर करता येत नसे. भाऊ नसलेल्या मुलीला वडिलांच्या मागे मालमत्तेसकट वडिलांकडच्या जवळच्या नातलगाला वरावे लागे. लोकसभेत तिला जागा नव्हती. खुद्द नाटकातही तिला जागा नव्हती: लिहिणारा पुरुष, मुखवटा चढवून मेडिया होणारा नट पुरुष, कोरिंथच्या बायकांचा कोरस म्हणून नाचणारे पुरुष, त्या कोरसचा खर्च उचलणारा धनिक पुरुष आणि बक्षीस ठरवणारे परीक्षकही पुरुषच. प्रेक्षकांत बायका होत्या की नव्हत्या यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

दुसरा मार्ग नेमका याच माहितीवरून निघतो. हा सगळा पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेला खेळ होता, त्यातली बाई म्हणजे पुरुषाच्या भीतीला चढवलेले लुगडे, तेव्हा तिच्या सामर्थ्याचे कौतुक कशाला, असा तो युक्तिवाद आहे. यात तथ्य पुष्कळ आहे. मात्र बालगंधर्वांची परंपरा मिरवणाऱ्या मराठी रसिकाने तो ऐकताना थोडे सावध राहावे, असे मला सुचवावेसे वाटते. पुरुषाने उभी केलेली बाई केवळ पुरुषांच्याच कामाची उरते असे नाही. बालगंधर्वांचे नेसणे आणि वावरणे तर खऱ्या बायकांनी उचलले. मुखवट्याआड कोण आहे यावरून मुखवट्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांचे वजन ठरवता येत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते या दोहोंहून वेगळे आहे. ग्रीक शोकांतिकेतल्या स्त्रियांचे सामर्थ्य आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. कुऱ्हाड, विष, राजाज्ञेचा भंग अशा त्यांच्या कृतींकडे आपण बघतो आणि त्यावरून त्यांना ‘सशक्त स्त्रीव्यक्तिरेखा’ ही आजकाल फार स्वस्त झालेली पदवी देऊन टाकतो. पण या कृतींचे प्रायश्चित्त कथानक बहुतेक वेळा वसूल करते. जे वसूल होत नाही ते त्यांचे बोलणे. नाटककार त्यांच्या तोंडी एक मुद्दा घालतो, नाटकातल्या पुरुषांना आणि कधीकधी देवांनाही त्याचे उत्तर देता येत नाही, आणि शेवट कसाही झाला तरी तो मुद्दा तसाच उभा राहतो. ज्या शहराच्या लोकसभेत आणि न्यायालयात सगळे काही बोलण्यावर चालत असे, तिथे अनुत्तरित राहिलेल्या मुद्द्याची किंमत प्रेक्षकाला नक्की कळत होती.

एस्किलसची ‘ओरेस्टिया’ घेऊ. इ.स.पू. ४५८ मध्ये पहिले बक्षीस मिळवणाऱ्या या नाट्यत्रयीतली क्लायटेम्नेस्ट्रा पहिल्याच पानावर पहारेकऱ्याच्या तोंडून ओळख पावते: बाईचे काळीज, पण मसलत पुरुषाची. ट्रॉय पडल्याची बातमी तिला एका रात्रीत कळते, कारण इडा पर्वतापासून लेम्नॉस आणि आथॉसमार्गे थेट आर्गॉसपर्यंत शिखराशिखरांवर जाळ पेटवण्याची व्यवस्था झालेली आहे. कोरसमधल्या म्हाताऱ्यांना आधी हा बायकी भाबडेपणा वाटतो; तिने टप्प्याटप्प्याने सगळा हिशेब मांडल्यावर ते म्हणतात, बाई, तू शहाण्या पुरुषासारखी बोललीस. एवढी प्रशस्ती देताना त्यांना किती जड गेले असेल!

मग तिचा नवरा, राजा अगामेम्नॉन परततो. राजवाड्याच्या दारापर्यंत जांभळी वस्त्रे अंथरलेली आहेत आणि त्यांवरून त्याने चालत यावे असा तिचा आग्रह आहे. त्याला ते नको आहे. असा मान देवांचा, माणसाने तो घेऊ नये, हे त्याला नीट ठाऊक आहे. दोघांमध्ये एकेका ओळीची चकमक सुरू होते. तो म्हणतो, लढाईची हौस बाईला शोभत नाही. ती म्हणते, भाग्यवंताला हरणेही शोभते. तो विचारतो, या वादातल्या विजयाची तुलाही एवढी किंमत आहे? ती उत्तर देते, ऐक माझे. आपणहून नमलास तर विजय तुझाच. आणि दहा वर्षे ट्रॉयला वेढा घालून बसलेला हा सेनापती पायातल्या वहाणा काढायला सांगतो. खून पुढे न्हाणीघरात, आपल्या नजरेआड होतो. हार इथे, सर्वांसमक्ष, वादात होते. रंगमंचावर हा प्रसंग काही मिनिटांचा आहे, पण जगातल्या नाट्यवाङ्मयात नवरा-बायकोचा इतका घातकी संवाद फार थोड्या ठिकाणी सापडेल.

तथापि तिचा खरा मुद्दा खुनानंतर येतो. प्रेतांशेजारी उभ्या असलेल्या तिला कोरस हद्दपारीची आणि लोकांच्या शापांची धमकी देतो, तेव्हा ती विचारते की आज मला हद्दपार करायला निघालात, मग या माणसाला तेव्हा का केले नाही? मेंढ्यांचे कळप भरलेले असताना त्याने एखादे जनावर कापावे तशी स्वतःची मुलगी, माझ्या पोटच्या कळांतून आलेली इफिजेनिया, वाऱ्याची दिशा पालटावी म्हणून कापली. तेव्हा तुमचा कायदा कुठे होता? म्हाताऱ्यांजवळ याला उत्तर नाही. थोड्या वेळाने ते तसे कबूलही करतात: आरोपाला आरोप भिडला आहे आणि निवाडा करणे कठीण आहे.

निवाडा तिसऱ्या नाटकात होतो. आई क्लायटेम्नेस्ट्राला मारणाऱ्या ओरेस्टीसवर अथेन्सच्या अरिओपागस टेकडीवर खटला चालतो, अपोलो त्याचा पाठीराखा असतो आणि अथीना न्यायासनावर. अपोलोचा बिनतोड समजला जाणारा मुद्दा असा आहे की आई ही मुलाची जन्मदाती नव्हेच. पेरणारा बाप, ती फक्त रुजलेल्या बीजाची राखण करते, आणि पुरावा हवा असेल तर आईशिवाय जन्मलेली अथीना समोर बसली आहे. अथीना स्वतः सांगते की मला कोणा आईने जन्म दिलेला नाही, मी सर्वस्वी पुरुषाच्या बाजूची. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. हा प्रसंग आदिम सूडाकडून कायद्याच्या राज्याकडे झालेला प्रवास म्हणून शिकवला जातो, आणि ते वाचन खोटे नाही. पण हे तिसरे नाटक हातात घेऊन इफिजेनियाचे नाव शोधावे. ते सापडत नाही. आईच्या बाजूने भांडणाऱ्या सूडदेवतासुद्धा ते काढत नाहीत. नवरा हा रक्ताचा नातेवाईक नव्हे, म्हणून त्याच्या खुनात आम्ही पडलो नाही, एवढाच त्यांचा खुलासा. आई जन्मदाती आहे की नाही याचा खल होतो. बापाने मुलगी मारली त्याचे काय, हा क्लायटेम्नेस्ट्राचा प्रश्न न्यायालयापुढे येतच नाही. एस्किलससारख्या नाटककाराच्या हातून हे विसरून झाले असेल यावर माझा विश्वास नाही. नव्या न्यायव्यवस्थेचा गौरव करतानाच ती कशाला बगल देऊन उभी राहिली, हे त्याने पहिल्या नाटकात आपल्याला ऐकवून ठेवले होते.

राजा क्रेऑनचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या सोफोक्लीसच्या अँटिगनीला आधुनिक काळाने सर्वांत जास्त डोक्यावर घेतले. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४४ साली फ्रेंच नाटककार आनुईची ‘अँटिगनी’ झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी हे नाटक केले तेव्हा क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेलांकडे होती. राजाज्ञेपेक्षा देवांचे अलिखित, अढळ नियम मोठे, हे तिचे भाषण अनेक लढ्यांना कामी आले आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. क्रेऑनची मनःस्थितीही सोफोक्लीसने निर्दयपणे उघडी केली आहे: ही जर सुटली तर पुरुष मी नव्हे, ही, मी जिवंत असेतो बाईची सत्ता चालणार नाही. भावाला मूठभर माती देण्याचा प्रश्न त्याच्या डोक्यात बघता बघता बाईकडून हरण्याचा प्रश्न होऊन बसतो.

पण याच अँटिगनीच्या तोंडी, मरणाच्या वाटेवर, आणखी एक भाषण आहे आणि ते तिच्या चाहत्यांना फार गैरसोयीचे वाटते. ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी नगराविरुद्ध गेले नसते. नवरा मेला तर दुसरा करता येतो, मूल गेले तर दुसऱ्या पुरुषापासून होते. आईबाप पाताळात गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा जन्माला येत नाही. जर्मन कवी गटेला ह्या ओळी इतक्या खटकल्या की त्या सोफोक्लीसच्या नाहीत असे एखाद्या भाषापंडिताने सिद्ध करावे अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये एकरमानजवळ बोलून दाखवली. कित्येक संपादकांनी त्या प्रक्षिप्त ठरवल्या आणि प्रयोगांतून त्या सर्रास गाळल्या जातात. ॲरिस्टॉटलने मात्र त्या उद्धृत केल्या आहेत, म्हणजे त्याच्या काळी तरी त्या नाटकात होत्या. आणि हाच तर्क हिरोडोटसने सांगितलेल्या इंटाफर्नीसच्या बायकोच्या गोष्टीत येतो. दरायस राजा एका कैद्याचे प्राण देऊ करतो तेव्हा ती नवऱ्याला आणि मुलांना वगळून भावाला मागते, आणि राजाला तिचा तर्क इतका पटतो की तो तिचा थोरला मुलगाही सोडतो.

या ओळी ठेवल्याच पाहिजेत असे माझे मत आहे. त्या काढल्या की मानवी हक्कांची एक प्रवक्ती उरते, आणि ती आपल्या ओळखीची असल्यामुळे आपल्याला आवडते. त्या ठेवल्या की एक अवघड मुलगी समोर येते. तिचा नियम सर्वांसाठी नाही. तो एका घरापुरता आहे, आणि ते घर म्हणजे ईडिपसचे, जिथे बाप आणि भाऊ एकाच आईचे. अशा घरातून आलेल्या मुलीने नात्यांचे इतके कोरडे, इतके काटेकोर गणित मांडावे यात मला विसंगती दिसत नाही. उलट एवढी भीषण सुसंगती दिसते की नाटकातला कोणीही त्यावर धड काही बोलत नाही. कोरस म्हणतो, हिच्या मनात अजून तीच वादळे घोंघावत आहेत. क्रेऑन पहारेकऱ्यांवर खेकसतो की हिला लवकर न्या. पुढे टायरेसियसच्या भविष्यवाणीने तो नमतो, मुलगा आणि बायको गमावून उद्ध्वस्त होतो, पण अँटिगनीचे म्हणणे खोडून काढणे त्याला शेवटपर्यंत जमलेले नसते.

मेडियाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे उत्तर देण्याचा प्रयत्न होतो. तिचा नवरा जेसन चांगला वक्ता आहे. तुला रानटी मुलखातून ग्रीसमध्ये आणले, कायद्याचे राज्य दाखवले, कीर्ती दिली; राजकन्येशी लग्न करतो आहे तेही आपल्या मुलांना सत्तेचे पाठबळ मिळावे म्हणून, असा त्याचा पक्ष आहे. पेरिक्लिसने इ.स.पू. ४५१ च्या सुमारास केलेल्या कायद्याने आई आणि बाप दोघेही अथेनियन असल्याशिवाय मुलाला नागरिकत्व मिळत नसे. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला, नाटक कोरिंथमध्ये घडत असले तरी, जेसनचा व्यवहार अगदीच बिनबुडाचा वाटला नसणार. पण बोलण्याच्या ओघात त्याची जीभ घसरते आणि तो म्हणतो की माणसाला मुले दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळायला हवी होती, बायकांची जातच नसती तर जगात दुःख उरले नसते. कोरस त्याला लगेच सुनावतो: भाषण छान सजवलेस, पण बायकोला दगा दिलास तो अन्यायच. त्याआधीच या कोरसने गाऊन ठेवलेले असते की नद्या आता उलट्या, उगमाकडे वाहू लागल्या आहेत. फीबसने, म्हणजे अपोलोने, आम्हा बायकांना काव्याची देणगी दिली नाही, नाहीतर पुरुषांच्या गाण्यांना आम्ही गाण्यानेच जबाब दिला असता. एका पुरुष कवीने हे लिहावे आणि पुरुषांनी बायकांचे मुखवटे चढवून गावे, यातला उपरोध युरिपिडीसला कळत नव्हता असे समजणे त्याच्यावर अन्याय होईल.

आणि तरीही मेडिया मुलांना मारते. तिचे पहिले भाषण उचलून धरणारे या खुनाशी अडखळतात, खुनावर बोट ठेवणारे भाषण विसरतात. मला स्वतःला तिच्या निर्णयाची भाषा महत्त्वाची वाटते. शत्रूंनी हसावे हे सहन होणार नाही; मला कोणी दुबळी, गरीब समजू नये; शत्रूला जड आणि मित्राला मायाळू अशांचीच कीर्ती होते. हे शब्द अकिलीसचे किंवा एजॅक्सचे असावेत इतके वीरपुरुषी आहेत. होमरपासून ग्रीक पुरुष ज्या आचारसंहितेवर वाढले ती एका बाईने शब्दशः पाळून दाखवली आणि तिचे फळ म्हणजे दोन मेलेली मुले. सूर्याच्या रथातून ती अथेन्सच्या दिशेने निघून जाते. तिथे आसरा देण्याचे वचन राजा एजियसने आधीच दिलेले आहे. त्या वर्षी स्पर्धेत एस्किलसचा मुलगा युफोरियन पहिला आला, सोफोक्लीस दुसरा आणि युरिपिडीस शेवटचा, तिसरा.

मेडियाकडे पाहिल्यावर ‘सशक्त’ या पदवीची अडचण स्पष्ट होते: पुरुषासारखे वागेल तिलाच आपण ती देतो. त्यामुळे सोफोक्लीसच्या ‘ट्रेकिसच्या स्त्रिया’मधली डायनिरा, जी नवऱ्याने युद्धातून आणलेल्या तरुण मुलीचा राग न करता तिची कीव करते, यादीतून गळते. युरिपिडीसच्या ‘ट्रोजन स्त्रिया’मधली, ट्रॉयच्या हेक्टरची विधवा अँड्रोमाकीही गळते, आणि ते मला फार गैर वाटते. हे नाटक इ.स.पू. ४१५ चे, त्याआधीच्या हिवाळ्यात अथेन्सने मीलॉस बेटावरच्या पुरुषांची कत्तल करून बायकामुलांना गुलाम केले होते. नाटकातल्या बायकाही जळत्या शहरासमोर वाटपाची वाट बघत बसल्या आहेत. अँड्रोमाकी काहीच करत नाही. तिला करण्यासारखे काही उरलेलेच नाही. ती फक्त आपला अनुभव सांगते. बाई घराबाहेर दिसली की तिचे नाव खराब होते, म्हणून मी घरात राहिले, जीभ आवरली, नवऱ्यापुढे नजर शांत ठेवली. या चांगुलपणाची ख्याती ग्रीकांच्या तळापर्यंत पोचली आणि तिनेच माझा घात केला. मी पकडली गेले तेव्हा अकिलीसच्या मुलाने नेमकी मलाच मागून घेतली, ज्यांनी माझा नवरा मारला त्यांच्याच घरात मी दासी होणार. पेरिक्लिसने विधवांना दिलेला उपदेश जिने अक्षरशः पाळला ती हीच बाई. सोळा वर्षांनंतर, त्याच शहरात, तिने त्या उपदेशाचा ताळेबंद मांडला आणि त्यात कोणाकडे कुऱ्हाड नाही, विष नाही, आवाजही चढलेला नाही.

अशा बोलण्याचा उपद्रव ग्रीकांना स्वतःला जाणवत होता, याचा पुरावा ॲरिस्टॉटलने ठेवला आहे. ‘काव्यशास्त्रा’च्या पंधराव्या प्रकरणात तो म्हणतो की पात्र शूर असू शकते, पण बाईने अशा रीतीने शूर किंवा बुद्धिमान असणे उचित नाही. अनौचित्याचे उदाहरण देताना त्याच्यासमोर नवऱ्याला मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा होती, मुलांना मारणारी मेडिया होती. त्याने यांपैकी एकही घेतली नाही. त्याने घेतले मेलानिपीचे भाषण. युरिपिडीसच्या आज हरवलेल्या एका नाटकातली ही मुलगी, पोसायडनपासून झालेली आपली जुळी मुले गोठ्यात दडवून ठेवते. वडिलांना ती गाईला झालेले अपशकुनी पिल्लू वाटतात आणि जाळण्याचा हुकूम सुटतो. ती त्यांना वाचवते ते आईकडून शिकलेले विश्वोत्पत्तीचे ज्ञान मांडून आणि निसर्गात असे काही घडत नाही असा मुद्देसूद युक्तिवाद करून. ॲरिस्टॉटलला बाईच्या हातातले शस्त्र इथे खुपले नाही, तिचे तर्कशुद्ध बोलणे खुपले.

त्या नाटकाच्या टिकलेल्या ओळींपैकी एक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसने इ.स.पू. ४११ मध्ये उचलून आपल्या नायिकेच्या, लिसिस्ट्राटाच्या तोंडी घातली: मी बाई आहे खरी, पण मला बुद्धी आहे. अथेन्स आणि स्पार्टाच्या दूतांना समोरासमोर उभे करून लिसिस्ट्राटा या ओळीने सुरुवात करते आणि दोन्ही शहरांनी पूर्वी एकमेकांवर केलेले उपकार त्यांना एकेक करून आठवून देते. तिच्या शेजारी समेटाची मूर्ती म्हणून एक विवस्त्र तरुणी उभी केलेली असते. दोन्ही दूत भाषण चालू असताना त्या तरुणीकडेच बघत राहतात, मध्येच तिच्या अंगलटीवर शेरे मारतात, आणि लिसिस्ट्राटाच्या एकाही मुद्द्याला उत्तर न देता तहाला तयार होतात.